सोलापुरात घर बांधतोय. उन्हाळ्यात एसीशिवाय राहता येईल असं बांधता येतं का?

जुळेसोलापूरकर

नमस्कार. जुळे सोलापुरात आमचा ३० बाय ५० फुटांचा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मिस्टर एसटीच्या वर्कशॉपला आहेत. कर्ज मंजूर झालंय, दिवाळी झाली की पाया खणायचा. आत्ता फक्त तळमजला, साधारण हजार चौरस फूट. वरचा मजला पुढेमागे, मुलाचं शिक्षण झाल्यावर.

सध्या भाड्याने राहतो ते घर वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली आहे. ४३-४४ डिग्री सोलापूरकरांना नवीन नाही. पण रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर ती तापलेली असते, त्याची काही सवय होत नाही. सासऱ्यांना गेल्या मे महिन्यात उन्हाच्या त्रासाने दवाखान्यात ठेवावं लागलं. म्हणून या घराकडून माझी अपेक्षा एकच आहे, म्हाताऱ्या माणसांना त्यात दुपारी आणि रात्री निवांत पडता यावं. एक एसी घेऊही, पण तीन खोल्यांचं बिल दरमहा भरणं आम्हाला झेपणार नाही. शिवाय लाइट गेली की सगळं तिथेच थांबतं.

इंजिनियरने दिलेला नकाशा असा: पुढे, म्हणजे पश्चिमेला, हॉल आणि त्याला सहा फुटी सरकती काचेची खिडकी. नैर्ऋत्येला सासू-सासऱ्यांची खोली, वास्तूप्रमाणे. आग्नेयेला स्वयंपाकघर, मागे पूर्वेकडे जिना. एलिव्हेशनला, म्हणजे दर्शनी भिंतीला, गडद राखाडी टाइल. भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सिमेंटच्या हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या. 'घर थंड कसं राहील' असं विचारलं तर म्हणाले, तीन खोल्यांत एसीचे पॉइंट काढून ठेवलेत.

सासऱ्यांचं म्हणणं वेगळंच. अक्कलकोट तालुक्यातल्या त्यांच्या जुन्या घराला दोन हात जाड दगड-मातीच्या भिंती होत्या, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. मे महिन्यातल्या दुपारी आत गोधडी घ्यावीशी वाटायची म्हणतात. तसंच बांधा, हा त्यांचा हट्ट.

आणि पाणी. नळाला चार-पाच दिवसांआड येतं. प्लॉटवर बोअर आहे, पण मार्चनंतर तिचा भरवसा नाही.

'ग्रीन'च्या नावाखाली विकणारे खूप भेटले. उष्णतारोधक रंग, खास काच, काय काय. पैसे मोजकेच आहेत. ते आधी कशात घालावेत?

---

ओळंबा

ताई, मी सोलापूर-बार्शी-पंढरपूर भागात घरांची कामं करत आलोय. पाया अजून खणला नाही हे फार बरं झालं. घर गार ठेवण्याचे बहुतेक निर्णय कागदावरच होतात. स्लॅब पडल्यावर उरतो तो खर्च.

तुमच्या प्लॉटमध्ये एक गोष्ट चांगली आहे. ३० फुटांची बाजू पश्चिमेला आहे आणि ५० फुटांच्या बाजू उत्तर-दक्षिणेला. म्हणजे तापणारी भिंत आखूड आहे. दक्षिणेच्या उन्हाला घाबरू नका. हिवाळ्यात ते तिरपं येतं तेव्हा हवंहवंसं असतं, आणि उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला जवळपास लागतच नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे मे महिन्यात सगळ्यात जास्त ऊन घेतं ते छत. त्याच्या खालोखाल सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. पश्चिमेची जास्त जाचक, कारण तोवर हवाही तापलेली असते.

म्हणून पैसा आधी छतावर, मग पश्चिमेवर. बाकीचं त्यानंतर.

छताचं सांगतो. नुसता पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो. दुपारी दोनचं ऊन त्याच्या खालच्या अंगाला पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि मग तो रात्रभर तुमच्या अंगावर उष्णता सोडत राहतो. तुमची रात्री अकराची तापलेली भिंत हे त्याच उष्णतेचं काम. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची घरांसाठीची इको निवास संहिता २०१८ साली आली. त्यात छतातून उष्णता किती आत यावी याची मर्यादा आहे, यू-व्हॅल्यू १.२. हा आकडा जितका कमी तितकी उष्णता कमी आत येते. उघडा स्लॅब त्याच्या दुपटीहून पुढे जातो. भिंती आणि खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेलाही मर्यादा आहे, चौरस मीटरला १५ वॉट. इंजिनियरला एवढंच म्हणा, 'संहितेप्रमाणे हिशोब करून दाखवा.' एसीचे पॉइंट काढायला लागतो त्याहून फार वेळ लागत नाही.

तुम्हाला वर मजला चढवायचाय, हे लक्षात ठेवून छत ठरवा. कायमचा एकच मजला असता तर मी डोळे झाकून विटांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइलचा चायना मोझॅक सांगितला असता. पाणीही अडतं, ऊनही परततं. पण पाच-सात वर्षांनी तो फोडायचा म्हणजे पैसे मातीत. तुमच्यासाठी दोन गोष्टी. एक, दर मार्चमध्ये चुना. कळीचा चुना विझवून, गाळून, त्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल घालून दोन हात. पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो, म्हणून दरवर्षी करायचा. एका दिवसाचं काम आहे. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी आराखडा केला. पुढे त्याच कामात गरीब वस्त्यांमधली छपरं पांढरी करणं आलं. ज्याच्या घरात दुसरं काहीच परवडत नाही त्यालाही हे परवडतं, म्हणून मी ते पहिलं सांगतो.

दुसरी गोष्ट, सोलर पॅनल, पण उंचावर. ३ किलोवॉटला साधारण ३०० चौरस फूट जागा लागते. सात-आठ फूट उंच सांगाड्यावर ते सासऱ्यांच्या खोलीवर येईल असं बसवा. स्लॅबला सावली मिळते, खालून वारा खेळतो आणि गच्ची वापरायची राहते. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा, मग तुमचा एक एसी आणि कूलर त्यात निघतो. सांगाड्याचं काम मात्र वाऱ्याचा हिशोब केल्याशिवाय कुणालाही देऊ नका. वळवाच्या वादळात उडालेली पॅनलं मी शेजारच्या अंगणात पडलेली पाहिली आहेत. वरचा मजला चढवताना सांगाडा बोल्ट काढून वर नेता येईल असा करा.

आता पश्चिम. सहा फुटी सरकती काच काढून टाका. वरचा छज्जा उंच सूर्याला अडवतो. चार वाजल्यानंतरचा सूर्य खाली उतरलेला असतो, तो छज्ज्याखालून सरळ सोफ्यापर्यंत येतो. तिथे कितीही रुंद छज्जा उपयोगाचा नाही, समोर उभं काहीतरी लागतं. हॉलसमोर आठ फूट खोल पडवी काढा आणि तिच्या रस्त्याकडच्या बाजूला सिमेंटची किंवा मातीची जाळी, कंबरेपासून लिंटेलपर्यंत, म्हणजे खिडकीच्या माथ्यापर्यंत. उन्हाळ्यात जाळीच्या आतून वाळ्याचा पडदा सोडला की झालं. हॉलची खिडकी पडवीत उघडेल. आपल्याकडे पावसाळ्यातला वारा पश्चिमेचाच, तो जाळीतून येईल आणि ऊन बाहेर राहील.

जिना मागून पुढे आणा, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, सासऱ्यांच्या खोलीच्या पश्चिम अंगाला. वास्तू मानणाऱ्यांनाही जिना तिथे चालतो, तेव्हा घरात वाद होणार नाही. जिन्याची भिंत ऊन झेलेल आणि खोली तिच्या मागे सावलीत राहील. पुढे वरचा मजला भाड्याने द्यायचा झाला तर वाटही वेगळी होते. जिन्याच्या माथ्यावर, स्लॅबला लागून झरोके ठेवा. तापलेली हवा वर चढते, तिला तिथून वाट मिळाली की रात्री खालच्या खिडक्यांतून गार हवा ओढली जाते. आपली हवा कोरडी आहे. मे महिन्यातही पहाटे दुपारच्या मानाने गारवा असतो, तो घरात भरून घ्यायला हवा. खिडक्यांना गज आणि डासांची जाळी पक्की बसवा म्हणजे रात्री बिनधास्त उघड्या ठेवता येतील. सकाळी आठला सगळ्या बंद. भर दुपारी 'हवा येऊ दे' म्हणून खिडक्या उघडतात त्या घरांत भट्टीच पेटते.

एएसी ब्लॉक वाईट नाही. त्याच जाडीच्या विटेपेक्षा तो बरीच कमी उष्णता आत सोडतो. पश्चिम आणि पूर्वेला आठ इंची ब्लॉक वापरा, आतल्या भिंती साध्या विटेच्या करा. मात्र कॉलम-बीमला ब्लॉक जिथे भिडतो तिथे प्लॅस्टरआधी कोंबडी जाळी मारलीच पाहिजे, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात तिथे केसासारखी चीर पडते आणि पावसाळ्यात ओल धरते. फताटेवाडीच्या एनटीपीसीमुळे आपल्या भागात राखेच्या विटाही मिळतात. शेतातली माती वाचते म्हणून त्या मला पटतात. पण उष्णतेच्या बाबतीत भाजक्या विटेहून त्यांच्यात फार फरक नाही, थंड म्हणून कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

केरळात लॉरी बेकर यांनी विटा आडव्या न ठेवता काठावर उभ्या रचून मध्ये पोकळी सोडायची पद्धत रूढ केली, रॅट ट्रॅप बाँड. नऊ इंचाचीच भिंत, पण विटा जवळपास पाव हिश्शाने कमी, आणि पोकळीमुळे उष्णता अडते. तिरुवनंतपुरमला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचं त्यांनी बांधलेलं आवार मी मुद्दाम जाऊन पाहिलंय. इतक्या वर्षांच्या भिंती, प्लॅस्टर नाही, रंग नाही, जाळीतून येणारा उजेड जमिनीवर पडलेला. आपल्याकडच्या गवंड्याला याची सवय नाही. करायचंच असेल तर आधी त्याच्याकडून कंपाउंडची एक भिंत तशी करून घ्या. विटा एका मापाच्या आणि कडा शाबूत असलेल्या लागतात, हे तिथेच कळेल.

राखाडी टाइल नको. भिंतीला पांढरा किंवा फिकट रंग द्या. खास काच, उष्णतारोधक रंग यांत आत्ता पैसे घालू नका. ज्या काचेवर ऊन पडतच नाही ती खास कशाला हवी?

---

तेरणाकाठ

ताई, माळवदाबद्दल मी लिहितो. माझं गाव लोहारा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सातवीत होतो. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन, लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली, किल्लारीचा भूकंप. आमची भिंतही दोन हात जाड होती. बाहेरून घडीव दगड, आतून गोटे, मध्ये मातीचा भराव. दोन थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड कुठेच नव्हते. वरती सागवानी तुळया आणि त्यावर वर्षानुवर्षं भर घालत गेलेली माती, दर पावसाळ्याआधी थोडी थोडी. भिंतीचे थर दोन्ही बाजूंना सुटले आणि ते सगळं ओझं खाली आलं. आजी आणि धाकटी बहीण त्याच खोलीत होत्या.

तुमचे सासरे म्हणतात ते खरं आहे. ते घर गार होतं. दुपारी आम्ही पोरं शाळेतून आलो की मातीच्या जमिनीवर पोट टेकवून पडायचो. पण ज्या वजनामुळे ते गार राहायचं तेच वजन अंगावर पडलं. तेव्हा त्यांना दुखावू नका, पण तसं बांधूही नका. ओळंबा यांनी सांगितलेली सावली, पोकळी, पांढरं छत यांतून गारवा येतो, आणि छतावर मातीचे ढीग चढवावे लागत नाहीत. भिंती कशाच्याही करा, प्लिंथ (जोतं), लिंटेल आणि छताच्या पातळीला काँक्रीटचा सलग पट्टा ओतून घ्या. आमच्याकडे नंतर जे गवंडी तयार झाले ते याबाबत कुणाचंही ऐकत नाहीत.

आणखी एक सांगतो, कारण विषय नुसत्या घराचा नाही. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. आमचंही त्यातच. घरं पक्की मिळाली, त्याबद्दल आयुष्यभर ऋणी आहोत. पण गाव आखलं चौकटीत, रुंद सरळ रस्ते, घरापासून घर लांब. जुन्या गावात गल्ली एवढी अरुंद होती की दुपारी तीनला एका बाजूच्या घराची सावली समोरच्या ओट्यावर यायची. आई त्या सावलीतून मंदिरापर्यंत अनवाणी जायची. नव्या गावात तिला ते जमलं नाही. मे महिन्यात दुपारी बाहेर पाऊल टाकायचं म्हणजे ऊन डोक्यावर, आणि विसाव्याला कुठे काही नाही. आम्ही लावलेली कडुलिंबाची झाडं मोठी व्हायला पंधरा वर्षं गेली. तेवढ्यात म्हाताऱ्यांची एक पिढी घरातच बसून संपली. तुम्ही घर बांधायच्या आधी झाडं लावा. पाया खणाल त्याच आठवड्यात.

---

जुळेसोलापूरकर

तेरणाकाठ, तुमचा प्रतिसाद मी सासऱ्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'पट्टा टाका म्हणावं.' माळवदाचा विषय त्यांनी स्वतःहून सोडला. पडवी मात्र हवीच म्हणतात, आणि तिच्यात एक दगडी बाक.

ओळंबा काका, जिना पुढे आणायला इंजिनियर तयार झाले. काच काढायला कुरकुर केली, एलिव्हेशन 'बसकं' दिसेल म्हणाले, पण मी ठाम राहिले. संहितेच्या हिशोबाचं विचारल्यावर त्यांनी वेळ मागून घेतलाय, करून देतो म्हणाले.

आता पाण्याचं सांगाल का? आमच्या प्लॉटमध्ये वर पाच-सहा फूट काळी माती आहे, खाली मुरूम. एकाने कोपऱ्यात शोषखड्डा घ्यायला सांगितलंय, छताचं पाणी त्यात सोडा म्हणे. आणि झाडं कुठली, किती लांब? शेजारच्यांच्या घराला लिंबामुळे भेगा गेल्या असं ते सांगतात.

---

ओळंबा

काळ्या मातीत शोषखड्डा घेऊ नका, किंवा घ्यायचाच तर मुरमापर्यंत खोल न्या. काळी माती पाणी पिते ती फुगण्यासाठी, खाली सोडत नाही. चार फुटांचा खड्डा पहिल्या पावसात भरतो आणि दिवाळीपर्यंत त्यात डास होतात. शिवाय तो पायाजवळ असेल तर एका बाजूची माती फुगून प्लिंथ उचलते. पायाही मुरमावरच टेकवा आणि प्लिंथमध्ये भरणी मुरमाचीच करा. खणलेली काळी माती परत आत ढकलली जाते आणि मग फरशी वर येते, हे नेहमीचं आहे. भरणी चालू असताना स्वतः साइटवर उभ्या राहा. ती काळी माती झाडांच्या आळ्यांना ठेवा, तिथे ती सोनं आहे.

पाण्याचा हिशोब सोपा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं समजलं, तरी ४० हजार लिटरच्या आसपास पाणी तुमच्या छतावर पडतं. ४० मिलिमीटरची एक चांगली सर म्हणजे तीन हजार लिटर. तुम्ही नळाच्या पाण्यासाठी जमिनीखाली टाकी बांधणारच आहात. ती आठ बाय सात फूट आणि साडेसहा फूट खोल केली की दहा हजार लिटरची होते, मध्ये भिंत घालून दोन कप्पे करा. एकात नळाचं, एकात पावसाचं. पावसाचं पाणी धुणं, संडास, झाडं आणि कूलरला. मे महिन्यात कूलर दिवसाला किती पाणी पितो ते तुम्हाला माहीत आहे. ते पाणी साठवलेलं असलं तर सासऱ्यांची दुपार पाण्याच्या पाळीवर अवलंबून राहत नाही.

टाकी भरून वाहायला लागली की जास्तीचं पाणी बोअरला. बोअरच्या भोवती मुरमापर्यंत खड्डा, तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळू. केसिंगला, म्हणजे बोअरच्या पाइपला, त्या पातळीवर भोकं पाडून जाळी गुंडाळायची. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायला वेगळा कॉक ठेवा, त्यात छतावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. अंगणातलं, न्हाणीतलं पाणी बोअरकडे चुकूनही नको. एकदा बोअरमध्ये घाण गेली की ती सगळ्या आळीच्या पाण्यात जाते. छताला चुना लावाल त्या वर्षी पहिल्या पावसाचं पाणी अर्थातच बाहेर.

झाडांचं. शेजारी म्हणतात त्यात तथ्य आहे. लिंबाची मुळं काळ्या मातीतली ओल ओढतात, माती आकसते, उथळ पाया खचतो. पाया मुरमावर असेल तर भीती बरीच कमी होते. तरी लिंब घराला चिकटून नको, रस्त्याच्या कडेला, फाटकाबाहेर लावा. तीन-चार वाजल्यानंतरचं ऊन तिथूनच अडतं. दक्षिणेच्या अरुंद पट्टीत शेवगा चालतो. मुळं फार त्रास देत नाहीत, पानं विरळ, वर शेंगा. पडवीच्या जाळीवर मधुमालती चढवा. आणि कंपाउंडच्या आतली सगळी जमीन पेव्हर ब्लॉकने झाकू नका. गाडीच्या दोन चाकांपुरत्या दोन पट्ट्या फरशीच्या, बाकी माती. तापलेल्या पेव्हरवरून येणारा वारा खिडकीतून गार कसा येईल?

सिमेंटबद्दल एक. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. तुमच्या हातात एवढंच, की गरज नाही तिथे काँक्रीट ओतू नका, आणि पीपीसी प्रकारचं सिमेंट वापरा, त्यात राख मिसळलेली असते. पण पीपीसीला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. आपल्या हवेत चौदा दिवस धराच. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा, उघड्यावर नळी फिरवण्यापेक्षा पाणी कमी लागतं. पाया दिवाळीनंतर म्हणजे स्लॅब जानेवारी-फेब्रुवारीत येईल. त्यापुढे ढकलू नका. एप्रिलमध्ये टँकरच्या पाण्यावर स्लॅब भिजवायचा म्हणजे तो कोरडाच राहतो.

---

ओढ्याकाठी

मी पुण्यातून लिहिते, पण धागा वाचून राहवलं नाही. ताई, तुमच्या प्लॉटवरून पूर्वी पाणी कुठे वाहत होतं, ते पाहिलंत का?

आम्ही आंबिल ओढ्याच्या काठी राहायचो. कात्रजच्या तलावांकडून निघून हा ओढा सहकारनगर, दांडेकर पुलाकडून मुठेला मिळतो. घर घेतलं तेव्हा तो कडेला भिंत घातलेला, मधूनमधून पुलाखाली गडप होणारा बारीक नाला होता, कुणी त्याला ओढा म्हणत नसे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि त्याने आपली जुनी रुंदी मागून घेतली. आमच्या सोसायटीची कंपाउंड भिंत पाण्याने ढकलली, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या, तळमजल्यावरच्या काकूंना खिडकीचे गज कापून काढलं. त्या रात्री शहरात वीसहून जास्त माणसं गेली. कुठल्याही इमारतीला हिरवं प्रमाणपत्र असतं तरी त्याने त्या रात्री काही फरक पडला नसता.

म्हणून सांगते. भूमी अभिलेख कार्यालयातून तुमच्या भागाचा जुना गाव नकाशा काढा. सोलापूर सपाट दिसतं, पण शेतं होती तेव्हा त्यात ओघळ होतेच. नकाशात नाल्याची रेघ तुमच्या किंवा शेजारच्या गटातून जात असेल, तर आज तिथे काही दिसत नसलं तरी ती रेघ खरी धरा. मग प्लिंथ रस्त्यापासून चांगली उंच घ्या, पाण्याची टाकी त्या बाजूला नको, आणि कंपाउंडला खालून पाणी जायला भोकं ठेवा. हे आर्किटेक्ट सांगत नाहीत कारण त्यांनाही कुणी विचारत नाही. पायाच्या आधी एक सकाळ त्या कार्यालयात घालवणं फार महाग नाही.

---

जुळेसोलापूरकर

नकाशा काढला. आमच्या गटात रेघ नाही, पण ले-आउटच्या मोकळ्या जागेच्या कडेने आहे. आता तिथे कचरा आणि बाभळी. शेजारचे सगळे मिळून नगरसेवकांकडे मागणी करणार आहेत, की ती मोकळी जागा सपाट करून पेव्हर घालून द्या, कार्यक्रमांना बरी पडेल. रस्ताही काँक्रीटचा होणार आहे, दोन्ही बाजूंनी थेट कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. मी एकटी विरोध केला तर नवीन आलेली बाई आडवी येते असं होईल. काय करू?

---

ओळंबा

विरोध करू नका, तुमची मागणी त्यांच्या मागणीत घाला. अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी जाणारच आहे, तर तो लिहून द्यायचं काम तुम्ही घ्या. शिक्षिकेने लिहिलेल्या अर्जाला कुणी नाही म्हणत नाही. त्यात असं लिहा: मध्ये तीस बाय तीसचा फरशीचा चौथरा, कार्यक्रमांना तेवढा पुरतो. बाकी जमीन उघडी, कडेने झाडं. ओघळ बुजवायचा नाही, उलट त्यातला कचरा काढून तो साफ करायचा, वर दोन ठिकाणी दगडी फरशीच्या ओलांडण्या. पावसाचं पाणी तिथे थांबलं तर सगळ्यांच्या बोअरना मिळेल, हे कारण ठळक लिहा. मार्चनंतर ज्यांची बोअर आटते ते सगळे सही करतील.

रस्त्याचं तुम्हाला लगेच करावं लागेल. काँक्रीट ओतून झाल्यावर कुणी तोडत नाही. इस्टिमेट मंजूर व्हायच्या आधी लेखी द्या, की काँक्रीट आणि कंपाउंड यांच्या मध्ये मीटरभर माती दोन्ही बाजूंनी सोडावी. ठेकेदाराला त्यात काँक्रीट कमीच लागतं, त्यामुळे खर्चाचं कारण कुणाला देता येत नाही. रस्त्याची पातळी प्लिंथच्या वर जाणार नाही, हेही त्याच अर्जात. जुन्या वस्त्यांत दरवेळी रस्त्यावर रस्ता चढवत गेले आणि आता पाऊस आला की पाणी घरात उतरतं.

अर्जाची पोच घ्या, शिक्क्याची. आणि तो मीटरभर पट्टा मिळेल तेव्हा मिळेल, तुमच्या फाटकाबाहेरच्या लिंबाचा खड्डा या आठवड्यातच घ्या, तीन फूट खोल. भोवती ट्री गार्ड उभा असला की रस्त्याचं माप घ्यायला येणाऱ्या माणसाला त्या झाडाकडे दुर्लक्ष करणं अवघड जातं.

---

तेरणाकाठ

रोपं मी देतो. शाळेच्या आवारात आम्ही कडुलिंब आणि बहाव्याची पिशव्यांत केली आहेत, कंबरेइतकी झालीत. पुढच्या रविवारी सोलापूरला येणं आहे. आळीतल्या प्रत्येक घरामागे एक धरून आकडा कळवा.